तिसऱ्या गेटचा तोतया

धाकटीने आयुष्यात एकच गोष्ट अशी केली होती जिचा तिला मनापासून अभिमान होता, आणि नेमकी तीच कोणाला दिसायची नाही. शहराला पाणी पुरवणाऱ्या केंद्रात भिंतभर बोर्ड होता. बोर्डावर बटणं, बटणांमागे नियम आणि नियमांमागे धाकटीचं काम. पाहुणे आले की बोर्ड बघून वा वा करायचे, दिवे किती छान लावलेत म्हणायचे. धाकटी मागे उभी राहून मनातल्या मनात हसायची.

तिचं काम सांगायला सोपं आणि करायला जिकिरीचं. केंद्रातले लोक नियम साध्या शब्दांत लिहायचे: टाकीची पातळी एवढी झाली की पहिलं गेट अर्धं खाली घे. यंत्राला ही भाषा कळत नाही, म्हणून मध्ये कंपायलर, म्हणजे दुभाषा. हा दुभाषा आधीपासून भाषांतरं करून ठेवणाऱ्यांतला नव्हता. एखादा नियम वापरायची वेळ आली की तो ऐन वेळी त्याचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करायचा आणि पुढच्या वेळेसाठी ते जपून ठेवायचा. त्यामुळे नियम बदलायला केंद्र बंद करावं लागत नसे, शहराचं पाणी क्षणभरही थांबत नसे. धाकटीच्या कंपनीचे मालक ही गोष्ट इतक्या जणांना ऐकवायचे की ऑफिसात चहा आणणाऱ्या माणसालाही ती पाठ झाली होती.

आता, नियमात ‘गेट खाली घे’ असं लिहिलं असलं तरी गेट खाली घ्यायची अक्कल त्या नियमात नसते. ते काम करणारं फंक्शन, म्हणजे आज्ञांचा वेगळा तुकडा, बाहेर असतं, थेट मोटारीशी बोलणारं. दुभाष्याला त्याचं फक्त नाव ठाऊक. त्या नावाचं कोण आणि कुठे राहतं ते शोधून पत्ता आणून देणं, हे धाकटीचं खातं. अनोळखी गल्लीत शिरून ‘अमुक कोण हो?’ विचारावं, आणि जो पहिला ‘मीच’ म्हणेल त्याच्या हातात पार्सल ठेवून मोकळं व्हावं, तसं. एकदा पत्ता मिळाला की तो त्या नियमाच्या पोटातच लिहून टाकायचा, म्हणजे पुन्हा विचारायला नको. उगाच पुन्हा पुन्हा विचारत बसणं धाकटीला मुळीच खपत नसे.

याच गल्लीत तिने एक लबाडीही बसवून ठेवली होती. नवे ऑपरेटर शिकायला यायचे तेव्हा त्यांच्या हातून खरी गेटं हलू द्यायची नसत, आणि सरावाला वेगळा बोर्ड तर नव्हता. म्हणून सकाळपाळी संपता संपता, दुपारी गेटांना काही काम नसेल अशा वेळी ती खऱ्या फंक्शनांच्या पुढे आपली खोटी उभी करायची. नावं तीच. कोणी हाक मारली की खोटं पुढे होऊन म्हणायचं, मीच. मग बोर्डावर आकडे शंभरावरून उतरत शून्यावर यायचे, हिरवा दिवा लागायचा, ‘बंद’ अशी अक्षरं उमटायची, आणि बाहेर खरं गेट जागचं हललेलंही नसायचं. ऑफिसात या खोट्यांना सगळे तोतये म्हणायचे. सराव संपला की धाकटी ऑफिसातून एक आज्ञा द्यायची. तोतये हाकलले जायचे, आणि ज्या ज्या नियमांच्या पोटात त्यांचे पत्ते गेले होते तेही पुसले जायचे. पुढच्या वेळी नवं भाषांतर, नवा शोध. धाकटीच्या मते व्यवस्था चोख होती.

त्या बोर्डासमोर सकाळपाळीला बसणारा ऑपरेटर म्हणजे धाकटीचा सख्खा मोठा भाऊ. दादाला या सगळ्याचं फार कौतुक नव्हतं. ‘काय, पत्ते शोधायचं दुकान बरं चाललंय ना?’ असं तो जेवताना विचारायचा आणि वहिनी हसू दाबायची. पण बोर्ड त्याला तोंडपाठ होता. कुठली मोटार कुरकुरते, कुठलं गेट कुठे अडतं, हे त्याला नुसत्या आकड्यांच्या चालीवरून कळायचं. तो धाकटीपेक्षा बराच मोठा. वडील गेल्यावर तिला शिकवलं त्याने, आणि शिकून शहाणी झाल्यावर तिने दिलेली वाकडी उत्तरं निमूट गिळली तीही त्यानेच.

मग तो अपघात झाला.

तिसऱ्या कालव्यात एक जाळी होती, कचरा अडवणारी. ती तपासायला वर्षाकाठी कधीतरी फिटर खाली उतरायचा, आणि तेवढ्यापुरतं तिसरं गेट बंद करायचं. एरवी ते उघडंच. गेट होतं वळणापलीकडे छपराखाली. बोर्डाच्या खोलीतून ते दिसायचं नाही आणि जाळीपाशी उतरलेल्या माणसालाही नाही. त्या दिवशी वरच्या टाकीत पाणी कमी होतं, कालवा जवळपास कोरडा. दादाने बोर्डावर ‘बंद’ बघितलं, खिडकीतून हात केला, आणि फिटर उतरला. हा फिटर दादाचा जुना दोस्त, दोघं एकाच वर्षी नोकरीला लागलेले. थोड्या वेळाने वरची टाकी भरायला घेतली. पाणी चढलं आणि बंद म्हणवणाऱ्या गेटातून सरळ कालव्यात घुसलं. फिटर जाळीवर आपटला. मांडीचं हाड मोडलं, छातीत पाणी गेलं. केंद्राच्या मुख्य अभियंत्यांनी धावत येऊन मेन स्विच खाली ओढला, अख्खं केंद्र ठप्प केलं, लोक दोर सोडून खाली गेले, आणि फिटर कसाबसा जिवंत वर आला. वळणापलीकडे जाऊन बघितलं तर गेट सताड उघडं.

दुसऱ्या दिवशी धाकटी मालकांबरोबर तिथे गेली. केंद्र एव्हाना पुन्हा सुरू झालं होतं. तिसऱ्या गेटापाशी वॉचमनला फोन घेऊन उभं केलं आणि तिने स्वतः बटण दाबलं. आकडे उतरू लागले. चाळीसवर गेट नेहमीसारखं अडलं, तिथल्या तिथे घुटमळलं, मग पुन्हा निघालं आणि शून्यावर टेकलं.

‘पूर्ण बंद झालं,’ वॉचमन फोनवर म्हणाला.

मुख्य अभियंत्यांनी विचारलं, ‘म्हणजे तुमच्या बाजूने दोष नाही?’

‘नाही,’ धाकटी म्हणाली.

ती खोटं बोलली नव्हती. डोळ्यांनी बघितलं ते तिने सांगितलं. फक्त कालचं यंत्र आणि आजचं यंत्र एकच, असं ती न विचारताच धरून चालली. मधे मेन स्विच ओढला गेला होता, यंत्राची सगळी आठवण पुसली गेली होती, आणि ही गोष्ट त्या खोलीत जर कोणाला सुचायला हवी होती तर ती तिलाच. नाही सुचली. हायसं वाटलेल्या माणसाला सहसा काही सुचत नाही.

यंत्रात दोष नाही म्हटल्यावर उरला माणूस.

धाकटीने त्याच दिवशी दादाला फोन करून विचारलं, ‘दादा, बटण नक्की दाबलं होतंस ना?’

‘हो अगं, दाबलं होतं.’

त्याच्या घरी गेल्यावर तिने पुन्हा विचारलं. हॉस्पिटलच्या जिन्यात विचारलं. चौकशीच्या खोलीबाहेर बाकावर बसल्या बसल्या विचारलं, अगदी हळू आवाजात, हातावर हात ठेवून: ‘दादा, माझ्यापासून लपवू नकोस. चुकतं माणसाचं.’ तिला वाटत होतं आपण त्याला धीर देतोय. सुरुवातीला तो ‘दाबलं’ म्हणायचा, मग ‘दाबलं असं आठवतंय’ म्हणायला लागला, आणि आत चौकशीच्या टेबलापुढे त्याच्या तोंडून निघालं, ‘कदाचित नसेलही दाबलं.’

फिटर शुद्धीवर आला तेव्हा त्याच्याकडे सांगायला एवढंच होतं: त्याने हात केला, मी उतरलो. ते खरंच होतं, पण त्यामुळे दादा आणखीच खोलात गेला. त्याला कामावरून तात्पुरतं दूर केलं गेलं. अंतिम निर्णय यायचा होता, पण तो काय येणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. निर्णयाची वाट न बघता दादा स्वतःच हॉस्पिटलात जाऊन फिटरच्या बायकोपुढे उभा राहिला आणि म्हणाला, माझा हात चुकला. तिने नुसती पाठ फिरवली.

हे हॉस्पिटलातलं धाकटीला वहिनीकडून कळलं, एका सुट्टीच्या दुपारी. वहिनी स्वयंपाकघरात भांडी पुसत होती, म्हणजे आपटत होती.

‘गॅस बंद केला का म्हणून आत येऊन येऊन बघतो,’ वहिनी म्हणाली. ‘बंद असतो. तरी मला विचारतो, तू बघितलास ना, बंद आहे ना. दार लावलं तरी हलवून बघतो. काल शर्टाची बटणं लावली आणि मला म्हणे, लावलीत ना गं नीट? अगं, माणूस नोकरीवाचून राहतो. पण स्वतःच्या हातावरच भरवसा नाही म्हटल्यावर काय करायचं त्याने?’

‘होईल बरं हळूहळू,’ धाकटी म्हणाली.

‘तू तर बोलूच नकोस,’ वहिनी म्हणाली, आणि पुढची ताटली जरा जास्तच जोरात ठेवली.

दादा पुढच्या खोलीत खिडकीपाशी बसला होता. दाढी वाढलेली, मांडीवर न उघडलेलं वर्तमानपत्र. धाकटी शेजारी जाऊन बसली. बराच वेळ दोघांनी रस्त्यावरून जाणारी माणसं बघितली.

‘मी एक शोधून काढलं,’ दादा एकदम म्हणाला. त्याच्या आवाजात एक विचित्र समाधान होतं, हिशेब सुटल्यासारखं. ‘मी खरंच दाबलं नव्हतं बघ. आता खात्री पटली.’

‘कशावरून?’

‘मला जे आठवतं ना, त्यावरूनच. मला आठवतंय गेट खाली येताना. नव्वद, ऐंशी, सत्तर, साठ, सरळ शून्यापर्यंत. कुठे अडणं नाही की काही नाही, लोण्यातून सुरी जावी तसं. आता तूच सांग, तिसरं गेट कधी असं उतरलंय? चाळीसवर अडल्याशिवाय ते खाली येतच नाही, इतक्या वर्षांत एकदाही आलेलं नाही. म्हणजे मी ते बघितलंच नव्हतं. डोक्याने आपलं बनवून घेतलं.’ तो थोडा हसला. ‘बनवतानाही चांगलंच गेट बनवलंय. तेलपाणी केलेलं.’

धाकटी रस्त्याकडे बघायची थांबली.

असं उतरणारं गेट साऱ्या जगात एकच होतं, आणि ते तिने लिहिलं होतं. तोतयात आकडे उतरवताना तिने साधा सरळ हिशेब घातला होता, ठरावीक वेळाने ठरावीक आकडा कमी. खरं गेट कसं अडखळतं ते दाखवायची तिला गरज वाटली नव्हती. शिकणाऱ्यांना काय कळतंय, असं तेव्हा ती म्हणाली होती.

‘दादा,’ ती म्हणाली, ‘अपघाताच्या आधी सराव झाला होता ना, तेव्हा तिसऱ्या गेटावर कोण होतं?’

‘ती नवीन बाई. वेळ संपत आली तरी तिला तेवढं एक करून बघायचं होतं. बटण दाबलं आणि आकडे उतरत असतानाच उठली, तिची बस होती. का गं?’

‘काही नाही. असंच.’ धाकटी उठली. ‘येते मी.’

वहिनीने दारातून विचारलं, चहा टाकलाय, निघालीस कुठे? पण तोवर ती जिना उतरली होती.

तिने तेव्हाच सांगायला हवं होतं. खुर्चीत बसलेल्या त्या माणसाला, तिथल्या तिथे. पण धाकटी पडली तंत्राची माणूस. यंत्राला विचारल्याशिवाय तिला कुठलीच गोष्ट खरी वाटायची नाही. ती ऑफिसात गेली, स्वतःच्या जागी बसली आणि आपणच लिहिलेली ती ‘चोख व्यवस्था’ परक्याची असल्यासारखी वाचायला लागली.

चूक सापडायला वेळ लागला नाही. सराव संपल्याची आज्ञा आली की तोतयांचे पत्ते असलेले नियम पुसायचे, पण एखादा नियम त्याच क्षणी चालू असेल तर? चालत्या माणसाच्या पायाखालची फळी काढता येत नाही. म्हणून तिने लिहिलं होतं, चालू असलेल्याला सोड, त्याला नंतर बघू. आणि ते ‘नंतर’ लिहायचं राहून गेलं होतं. नवी बाई बस पकडायला उठली, आकडे उतरत होते, धाकटीने आज्ञा दिली, आणि तिसऱ्या गेटाचा नियम तेवढा सुटला. तोतये गेले. एक मात्र गल्लीतून हाकलला जाऊनही त्या नियमाच्या पोटात बसून राहिला. त्या नियमाने पुन्हा कोणाला विचारलंच नाही, कारण त्याच्याकडे पत्ता होता. दादाने बटण दाबलं तेव्हा तोतया ‘मीच’ म्हणून पुढे झाला, सुरेख आकडे उतरवले आणि हिरवा दिवा लावला. मग स्विच ओढला गेला, आणि तोतयाही गेला आणि त्याचा मागमूसही.

तिने ऑफिसातल्या यंत्रावर तोच क्रम जुळवून बघितला. गेट लोण्यासारखं उतरलं. मग ती स्वच्छतागृहात गेली आणि नळ सोडून रडली.

मालकांना सांगितलं तेव्हा त्यांनी आधी दार लावून घेतलं.

‘दुरुस्ती झाली?’

‘झाली. केंद्रात बसवायची राहिलीय.’

‘मग झालं तर. हे बघ, तुझ्या भावाने स्वतः कबूल केलंय. त्याला फार तर घरी बसवतील. आपलं नाव यात आलं तर उद्या एक केंद्र आपल्याला दारात उभं करायचं नाही. तुलाही कोणी काम देणार नाही. विचार कर.’

‘त्याने दाबलं होतं,’ धाकटी म्हणाली. ‘दाबलं होतं, आणि त्याला वाटतंय नाही दाबलं.’

‘वाटू दे काही दिवस,’ मालक म्हणाले. ते वाईट गृहस्थ नव्हते. त्यांना खरोखरच वाटत होतं की काही दिवसांत हे सगळं निवळेल.

ती उठली आणि सरळ केंद्रात गेली.

मुख्य अभियंत्यांनी सगळं शांतपणे ऐकलं. मग ते म्हणाले, ‘बाई, परवापरवापर्यंत तुम्हीच सांगत होता की दोष नाही. तेही याच खुर्चीत बसून. आता भावाचा निर्णय यायची वेळ झाली आणि दोष सापडला?’

‘आधी माझ्या लक्षात आलं नाही.’

‘पुरावा?’

‘तुम्ही मेन स्विच ओढलात त्यात गेला.’

‘वा,’ ते म्हणाले. ‘म्हणजे तेही माझ्यावरच.’

तिला राग आला, पण तो कोणावर काढावा हे कळेना. तिच्या लक्षात आलं की आपण आत्तापर्यंत जे जे खरं सांगितलं त्यावर लोकांनी लगेच विश्वास ठेवला, आणि त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं चुकीचं निघालं. आता सगळ्यात खरं सांगतोय तर ते भावासाठी रचलेलं वाटतंय. दादालाही असंच वाटलं असेल का, जिन्यात आणि बाकावर?

‘मी करून दाखवते,’ ती म्हणाली. ‘याच बोर्डावर.’

मुख्य अभियंत्यांनी थोडा विचार केला आणि होकार दिला, पण अटी घातल्या. धाकटीने बोर्डाला हात लावायचा नाही. सराव सुरू करायची आणि संपवायची आज्ञा मालकांनी द्यायची. आणि शेवटचं बटण त्याच माणसाने दाबायचं, त्या दिवशी जसं दाबलं असेल तसं.

घरी ते ऐकून दादा म्हणाला, ‘मी नाही येणार.’

धाकटीने त्याला सगळं समजावून सांगितलं होतं. तोतया, नवी बाई, राहून गेलेलं ‘नंतर’, सगळं. तो खाली मान घालून ऐकत होता. ऐकून झाल्यावर त्याने विचारलं, ‘तू हे मला बरं वाटावं म्हणून तर सांगत नाहीस ना?’

‘नाही रे दादा.’

‘कारण तिथे जाऊन मी दाबेन, आणि गेट खरंच खाली जाईल, आणि सगळे माझ्याकडे बघतील. मी त्या बोर्डाला हात लावणार नाही.’

त्यावर वहिनी आतून आली. तिने त्याच्यासमोर इस्त्रीचा शर्ट धरला. ‘तिच्यासाठी नको येऊस,’ ती म्हणाली. ‘माझ्यासाठी ये. मला रोज गॅस बघून कंटाळा आलाय. काय असेल ते एकदाचं कळू दे.’

दादाने शर्ट घातला. बटणं लावल्यावर त्याने वहिनीकडे बघितलं, पण विचारलं मात्र नाही.

बोर्डाच्या खोलीत माणसं मावत नव्हती. वॉचमन तिसऱ्या गेटापाशी उभा होता आणि त्याचा फोन टेबलावरच्या स्पीकरवर चालू होता. मालकांचा चेहरा आंबट झाला होता, पण आले होते. त्यांनी सराव सुरू केला. नव्या बाईला बोलावलं होतं. तिने तिसऱ्या गेटाचं बटण दाबलं आणि आकडे उतरत असताना सांगितल्याप्रमाणे उठली. मालकांनी सराव संपल्याची आज्ञा दिली. बोर्डावर रोजचे दिवे परत आले. पहिलं गेट जरासं खाली-वर करून बघितलं. ते खरोखर हललं, वॉचमनला त्याची मोटार ऐकू आली. म्हणजे बोर्ड खरा होता, सराव संपला होता. सगळ्यांनी तसं मान्य केलं.

‘आता तुम्ही,’ मुख्य अभियंता दादाला म्हणाले.

दादा खुर्चीत बसला. त्याचा हात बटणापाशी जाऊन थांबला. धाकटी भिंतीला टेकून उभी होती, हात मागे बांधून. दादाचा हात बटणापाशी कधी अडलेला तिने बघितला नव्हता. तिला जाऊन तो धरावासा वाटला. पण बोर्डाजवळ जायची तिला मनाई होती.

त्याने बटण दाबलं.

शंभर. नव्वद. ऐंशी. सत्तर. खोलीत कोणी हललं नाही. साठ, पन्नास. चाळीस आले आणि गेले, अडले नाहीत. तीस, वीस, दहा, शून्य. हिरवा दिवा लागला. ‘बंद’.

‘काय झालं तिथे?’ मुख्य अभियंत्यांनी फोनकडे वाकून विचारलं.

‘कुठे काय?’ वॉचमन म्हणाला. ‘इथे काहीच हललं नाही साहेब. गेट उघडंच आहे. दाबा ना, मी केव्हाचा वाट बघतोय.’

मुख्य अभियंता स्वतः उठून वळणापलीकडे गेले आणि बघून आले. आल्यावर ते दादाच्या खुर्चीपाशी उभे राहिले आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मग ते धाकटीकडे वळले आणि म्हणाले की कंपनीबद्दल आणि तिच्याबद्दल काय ते रीतसर ठरवावं लागेल. ती हो म्हणाली. मालक आपली बॅग उचलून निघून गेले. एकेक करून खोली रिकामी झाली. वहिनी बाहेर व्हरांड्यात डोळे पुसत उभी होती.

दादा अजून बोर्डासमोरच बसला होता. ‘एवढंच दिसलं होतं मला,’ तो म्हणाला. ‘अगदी एवढंच.’

‘हो, दादा.’

‘म्हणजे मी दाबलं होतं.’

‘दाबलं होतंस.’

धाकटीला वाटलं आता तो हसेल, पत्त्यांच्या दुकानावरून काहीतरी बोलेल, आणि मग तिला रडता येईल.

‘अपघातानंतर तू इथे आलीस,’ तो बोर्डाकडे बघतच म्हणाला, ‘तेव्हा याला किती वेळा विचारलंस?’

‘एकदा,’ ती म्हणाली.

‘एकदा दाबून बघितलंस आणि पटलं.’

‘हो.’

‘आणि मला?’

उत्तर दोघांनाही ठाऊक होतं.

दादा उठला. त्याने खुर्ची नीट आत सरकवली आणि खिशात गाडीची चावी आहे का ते एकदाच चाचपून बघितलं. त्याला हॉस्पिटलात जायचं होतं, फिटरकडे आणि त्याच्या बायकोकडे. धाकटी दारापर्यंत त्याच्यामागे गेली.

‘मी येते ना,’ ती म्हणाली. ‘चूक माझी आहे, मीच सांगते त्यांना.’

‘सांग. पण उद्या जा,’ दादा म्हणाला. ‘आज तू माझ्याबरोबर नको येऊस.’

तो व्हरांड्यातून वहिनीला घेऊन गेला. धाकटी दारातच उभी राहिली, आणि तिच्यामागे बोर्डावर तिसऱ्या गेटाचा हिरवा दिवा चालूच होता.